धुकं नेमकं कुठे बसलंय?

पुढे पन्नास-पंचावन्न इंचांचा पडदा, खाली भलंमोठं खोकं, आणि जिना चढवायचा तर चौघांना हाताशी धरावं लागेल एवढं वजन. रिअर-प्रोजेक्शन टीव्ही. २००० सालाच्या आगेमागे न्यू जर्सीत आपल्या लोकांनी घरं घेतली, तेव्हा कितीतरी बेसमेंटमध्ये हा टीव्ही आला. डिशवर क्रिकेटचं पॅकेज घ्यायचं आणि भारताची मॅच असली की चार घरची मंडळी सतरंज्या टाकून जमायची. पुढे सपाट टीव्ही स्वस्त झाले. सोनीने २००७ च्या डिसेंबरमध्ये या प्रकारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. सगळ्यांत शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीनेही २०१२ च्या डिसेंबरमध्ये अंग काढून घेतलं. म्हणजे आज कुणाकडे असा टीव्ही चालू असेल, तर तो वयस्कर आहे हे गृहीतच धरायचं.

माझं शिक्षण आणि पोटापाण्याचा व्यवसाय इलेक्ट्रॉनिक्सचा, त्यामुळे ओळखीतले लोक हे टीव्ही मला दाखवत आले. तक्रार बहुधा एकच: चित्र धूसर झालंय. आणि लगेच पुढचा प्रश्न: ट्यूब गेली असेल ना? ट्यूब खरोखर गेलेली असते, पण क्वचित. प्रकाश ट्यूबमधून निघतो, तिच्या तोंडावरच्या द्रवातून जातो, भिंगातून वर उठतो, मागच्या आरशावर आपटतो, पडद्यातून गाळून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. या वाटेवर कुठेतरी धुकं बसलेलं असतं. ते कुठे बसलंय हे आधी ठरवायचं आणि मगच हात घालायचा. मला जे कळलं ते पुढे क्रमाने लिहितो. बहुतेक मजकूर तीन ट्यूबवाल्या जुन्या सीआरटी टीव्हीबद्दल आहे. शेवटी दिवावाल्या एलसीडी आणि डीएलपीबद्दलही थोडं आहे.

१. पहिल्यांदा टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा

रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा आणि अक्षरं बघा. ही अक्षरं टीव्हीच्या आतच तयार होतात. केबल, डिश, डीव्हीडी यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. मेनूची अक्षरं कोरीव दिसत असतील आणि कार्यक्रम तेवढा धूसर दिसत असेल, तर टीव्ही उघडू नका. दोष बाहेरून येणाऱ्या सिग्नलमध्ये आहे.

अमेरिकेत १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं. त्यानंतर बऱ्याच घरांत टीव्हीला कन्व्हर्टर बॉक्स लागला, तोही पिवळ्या पिनच्या एकाच तारेने जोडलेला. त्या तारेतून चित्राचा उजेड आणि रंग एकत्र येतात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. पन्नास इंचांच्या पडद्यावर ते वेगळं करण्यातली कसर नजरेला येते. सोय असेल तिथे हिरवी-निळी-लाल अशी तीन पिनांची कंपोनंट तार लावली की चित्र एका क्षणात धुऊन काढल्यासारखं होतं. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते, म्हणून ती पहिली.

मेनूही धूसर असेल, तर मात्र पुढे चला.

२. ‘धूसर’ म्हणजे काय, ते बघणाऱ्याकडून काढून घ्या

एका मित्राची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. मित्र म्हणायचा, टीव्ही पार गेलाय. त्याची बायको म्हणायची, चांगला तर दिसतोय. मी काकूंनाच विचारलं, कारण दिवसभर टीव्ही त्याच बघायच्या.

“काकू, तुम्हाला कधी खराब दिसतो?”

“दिवसाचं सगळं बरं दिसतं रे. रात्रीचा सीन आला की झालं. चंद्र असला की चंद्राभोवती सगळीकडे पांढरं पसरतं. आणि शेवटी नावं येतात ना, ती वाचता येतात, पण त्यांच्यामागे चुना लावल्यासारखं दिसतं.”

काकूंनी निदानच करून दिलं होतं. अक्षरं वाचता येतात याचा अर्थ फोकस शाबूत आहे. काळ्या भागावर उजेड सांडतोय याचा अर्थ प्रकाशाच्या वाटेवर काहीतरी आहे, ज्यावर आपटून तो विखुरतोय. उजळ दृश्यात हे लपतं, कारण तिथे उजेड सगळीकडेच असतो. म्हणून तपासणीसाठी नेहमी काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं घ्यावीत. सिनेमाच्या शेवटची नामावळी त्याला उत्तम.

त्या अक्षरांकडे बघून चार गोष्टी वेगळ्या करता येतात. अक्षर रेखीव पण भोवती उजेडाची झालर, हे खरं धुकं: धूळ, आरसा किंवा कूलंट, म्हणजे ट्यूबच्या तोंडावरचा द्रव. अक्षराची रेघच जाड आणि मऊ झालेली, हा फोकस. एका अक्षराची लाल-हिरवी-निळी अशी वेगवेगळी अक्षरं सुटलेली, म्हणजे तीन चित्रं एकावर एक बसत नाहीत, हा कन्व्हर्जन्स. आणि अक्षराभोवती झालर नाही, पण सगळा काळा पडदाच राखाडी झालाय, हा ट्यूबच्या जी-टू, म्हणजे तिच्या मानेतल्या दुसऱ्या ग्रिडच्या, व्होल्टेजचा दोष. या चौघांनाही लोक ‘धूसर’ हाच शब्द वापरतात. औषध मात्र चौघांचं निराळं आहे.

३. एका वेळी एकच रंग बघा

या टीव्हीच्या पोटात तीन छोट्या ट्यूब असतात, बहुतेक मॉडेलांत सात इंची. एक फक्त लाल चित्र काढते, एक हिरवं, एक निळं. मधली हिरवी. तीनही चित्रं पडद्यावर एकत्र येतात. म्हणून पांढरी झालर दिसली की ती कुणाची, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

पडद्याखालची स्पीकरची जाळी बऱ्याच मॉडेलांत हाताने ओढली की निघते. तिच्यामागची फळी स्क्रूने बसवलेली असते. ती काढली की तीन भिंगं समोर दिसतात. काळ्या जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून घ्यायचे, दोन भिंगं झाकायची, तिसरं उघडं ठेवायचं. पुठ्ठा भिंगाला टेकवायचा नाही आणि त्या पोकळीत दुसरीकडे कुठे हात घालायचा नाही. मग कुणाला तरी समोर बसवून पडद्यावर काय दिसतं ते विचारायचं.

तिन्ही रंगांत सारखीच झालर असेल, तर दोष तिघांच्या सामायिक वाटेवर, म्हणजे आरशावर किंवा पडद्यावर, नाहीतर तिन्ही भिंगांवर सारखीच धूळ बसलेली आहे. एकाच रंगात झालर असेल, तर दोष त्या एका ट्यूबच्या भिंगात किंवा कूलंटमध्ये. या एका तपासणीने शोध अर्ध्यावर येतो. तंत्रज्ञांसाठीच्या सर्व्हिस मेनूतून रंग बंद करण्याची सोय काही मॉडेलांत असते, पण त्या मेनूत चुकीचा आकडा बदलला तर चित्राची घडी विस्कटते. पुठ्ठा बरा.

निळ्याबद्दल एक सांगायला हवं. निळं चित्र एकटं बघितलं तर ते इतर दोघांपेक्षा मऊ दिसतं आणि लोक घाबरतात. निळ्या फॉस्फरला, म्हणजे ट्यूबच्या तोंडाच्या आतल्या चमकणाऱ्या लेपाला, जास्त उजेड देणं जड जातं, म्हणून कारखान्यातच निळ्याचा फोकस मुद्दाम किंचित सैल ठेवण्याची पद्धत होती. आपल्या डोळ्यालाही निळ्यातला बारकावा कमीच कळतो. हिरव्याचं उलट. पांढऱ्या रंगाच्या उजळपणात हिरव्याचा वाटा जवळजवळ साठ टक्के, लालचा तीस आणि निळ्याचा जेमतेम अकरा, असंच टीव्हीचं जुनं गणित आहे. म्हणून हिरवा स्वच्छ असेल तर चित्र कोरीव वाटतं, आणि हिरव्यात धुकं असेल तर बाकी दोघांची कितीही सेवा केली तरी उपयोग होत नाही.

४. उघडण्याआधी विजेचा मान राखा

ट्यूबच्या अॅनोडला सुमारे तीस हजार व्होल्ट जातात. टीव्ही बंद केला, प्लग काढला, तरी ट्यूबमध्ये आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. जाड लाल तारांच्या टोकाला रबरी टोपी असते, तिला हात लावायचा नाही. भिंग आणि आरसा पुसायचा असेल, तर प्लग काढून टीव्ही रात्रभर तसाच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी काम करावं. तेवढं करूनही तारा, सर्किट बोर्ड आणि ट्यूबची मान यांच्यापासून लांबच राहावं. ज्याने उच्च दाबाच्या विजेचं काम कधी केलेलं नाही, त्याने पुसण्यापलीकडे जाऊ नये. पुढे जिथे ट्यूब बाहेर काढण्याची गोष्ट येते, तिथे जाणकार माणूस बोलवावा. यात मी कुणालाही सवलत देत नाही, जवळच्या मित्रालाही नाही.

५. भिंगावरची धूळ: सगळ्यांत जास्त वेळा गुन्हेगार हीच

भिंगांची तोंडं वरच्या दिशेला असतात. खोक्यात जी धूळ शिरते ती सावकाश खाली येऊन थेट भिंगावर बसते. आतल्या विजेचा उच्च दाबही धूळ ओढतो. पाच-सात वर्षं न उघडलेल्या टीव्हीचं भिंग बघा. बोटाने रेघ ओढता येईल असा थर असतो. त्याच्यावर टॉर्च तिरका धरला की सगळं भिंग पांढरं उजळतं. तो पांढरा उजेडच पडद्यावर धुकं म्हणून दिसतो.

आपल्या घरांत धुळीच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे फोडणी. अमेरिकन घरांत स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यामध्ये बहुधा भिंत नसते. चुलीवरचा पंखा पुष्कळदा हवा बाहेर न टाकता तिथेच फिरवतो. मोहरी-हिंगाच्या फोडणीचा धूर टीव्हीच्या मागच्या फटींतून आत जातो आणि भिंगावर तेलाचा अतिशय पातळ थर धरतो. उदबत्ती-कापराचा धूर आणि सिगरेटचाही असाच. धूळ मग नुसती बसत नाही, चिकटते. ज्या घरांत टीव्ही वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून होता, तिथली भिंगं पिवळसर निघाली. बेसमेंटमधली निघाली नुसती धुळीने करडी.

पुसण्याची रीत अशी. आधी रबरी फुगा दाबून हवेने सुटी धूळ उडवायची. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण उडतात. मग धुऊन मऊ झालेलं सुती कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, घट्ट पिळून, मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवायचं. कापडाची बाजू दर वेळी बदलायची, नाहीतर उचललेलाच कण भिंगावर चरा पाडतो. वरचं भिंग बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं असतं आणि त्यावर नाजूक लेप असतो. काचेवर मारायचा निळा अमोनियाचा फवारा इथे चालत नाही. पाणी भिंगाच्या कडेने आत ओघळणार नाही एवढंच ओलं कापड हवं. तेलकटपणा निघत नसेल तर भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब पाण्यात टाकावा आणि नंतर नुसत्या पाण्याच्या कापडाने पुन्हा पुसावं.

काकूंच्या टीव्हीत एवढंच निघालं. पुसून झाल्यावर त्यांनी मुद्दाम रात्रीचा सीन लावून बघितला आणि म्हणाल्या, “आता आकाश काळं झालं.” धुकं गेल्याचं इतकं नेमकं वर्णन मी तंत्रज्ञांच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

६. आरशाला घरच्या आरशासारखं वागवू नका

आपल्या घरच्या आरशाला चांदीचा मुलामा मागच्या बाजूला असतो आणि पुढे काच त्याचं रक्षण करते. या टीव्हीतला आरसा उलटा असतो. मुलामा पुढच्या बाजूला, उघडा. कारण काच पुढे असती तर काचेच्या पृष्ठभागावरून एक आणि मुलाम्यावरून एक अशी दोन प्रतिबिंबं पडली असती. काही मॉडेलांत काचच नसते, ताणून बसवलेली चकचकीत फिल्म असते. अशा मुलाम्यावर जोर देऊन घासलं तर तो निघून येतो, आणि गेलेला मुलामा परत बसवता येत नाही.

म्हणून आरशावर फक्त धूळ असेल तर फुग्याने आणि अतिशय मऊ ब्रशने झटकायची आणि थांबायचं. आरशावरची थोडीशी धूळ चित्र फारसं बिघडवत नाही. तेलकट थर असेल तरच ओलं कापड लावायचं, तेही एकाच दिशेने, वजन न देता. फिल्म असेल तर माझा सल्ला हात न लावण्याचा आहे.

७. कूलंट: एकाच रंगातलं धुकं इथून येतं

आता सर्वांत महत्त्वाचं. छोट्याशा ट्यूबमधून पन्नास इंचांचं चित्र काढायचं म्हणजे तिच्या तोंडावर प्रचंड ऊर्जा ओतावी लागते. काच तापते, जास्त तापली तर तडकते. म्हणून ट्यूबचं तोंड आणि भिंगाचा पहिला, खालचा भाग यांच्यामध्ये एक बंद जागा असते आणि तिच्यात द्रव भरलेला असतो. तो एथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण असतो, प्रमाण बनवणाऱ्याप्रमाणे बदलतं. त्याचं एक काम उष्णता वाहून नेण्याचं. दुसरं काम प्रकाशाचं. काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश मागे फिरतो आणि विखुरतो. मध्ये हवेऐवजी काचेच्या जवळपासच्या गुणाचा द्रव ठेवला की तो सरळ पार जातो. चित्रातला काळा रंग काळा राहतो तो या द्रवाच्या कृपेने.

हा द्रव वर्षानुवर्षं तापतो, थंड होतो. हळूहळू गढूळ होतो. त्यात बुरशीसारखे तंतू दिसायला लागतात, कधी तळाशी पांढरट साय धरते. धुकं अशा वेळी हळूहळू वाढतं, त्यामुळे घरच्यांना ते जाणवत नाही. बऱ्याच दिवसांनी आलेला पाहुणाच पहिल्यांदा म्हणतो, काय झालंय टीव्हीला?

ओळखायची पद्धत सोपी आहे. टीव्ही बंद, प्लग काढलेला. खोली अंधारी. भिंगावरून टॉर्च आत खाली मारायचा. द्रव स्वच्छ असेल तर तळाशी फॉस्फरचा फिकट चौकोन कडांसकट स्पष्ट दिसतो. गढूळ असेल तर प्रकाशाचा झोत मध्येच दुधासारखा उजळतो आणि चौकोनाच्या कडा हरवतात. मी तिन्ही ट्यूब एकापाठोपाठ बघतो. शेजारची चांगली असेल तर फरक लगेच दिसतो.

द्रव बदलता येतो, आणि बदलला की चित्रात जो फरक पडतो तो इतर कुठल्याही दुरुस्तीने पडत नाही. पण हे काम जाणकाराचं. भिंग सोडवायचं, द्रव काढायचा, आतला भिंगाचा भाग आणि ट्यूबचं तोंड स्वच्छ करायचं, रबरी गॅस्केट नवं घालायचं, मूळ प्रकाराचा द्रव भरायचा. द्रव तापला की फुगतो. त्यासाठी बनवणाऱ्याने जेवढी मोकळी जागा ठेवलेली असते तेवढी ठेवायचीच. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट यात भरू नये. नाव सारखं असलं तरी त्यात रंग आणि गंजरोधक रसायनं असतात. काम करताना ट्यूब तसूभर जरी फिरली तरी नंतर कन्व्हर्जन्स पुन्हा जुळवावा लागतो. तो वेळ आधीच धरून ठेवावा.

एक धोक्याची सूचना. गॅस्केट म्हातारं झालं की द्रव झिरपतो आणि थेट खालच्या बोर्डावर पडतो. ट्यूबखाली चिकट ओघळ दिसला, तर टीव्ही पुन्हा चालू करून बघायचा नाही. तो द्रव विजेच्या भागांना खातो. शिवाय एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. रांगणारं मूल किंवा कुत्रं-मांजर घरात असेल तर सांडलेला थेंब न् थेंब पुसायचा आणि पुसलेलं कापड लगेच बांधून टाकायचं.

८. फोकस आणि जी-टू

फोकस दोन ठिकाणी असतो. एक भिंगाचा, जो भिंगाच्या बाजूचा पंखाचा नट सैल करून भिंग किंचित फिरवून जुळवतात. दुसरा विजेचा, ज्याच्या गोल चाव्या फोकस ब्लॉकवर असतात, तीन फोकसच्या आणि तीन जी-टूच्या. त्या शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सारख्या असतात. कुठली कुठली हे वाचल्याशिवाय हात लावू नये. टीव्ही अर्धा तास चालू ठेवल्यावरच फोकस बघावा. थंड टीव्हीवर जुळवलेला फोकस तापल्यावर हलतो.

जी-टू जास्त झालं की काळा पडदा राखाडी होतो, आणि फार वाढलं तर तिरप्या बारीक रेघाही दिसतात. पुसण्याने हे जात नाही. जाणकाराला तीच चावी थोडी कमी करायला सांगावी.

कन्व्हर्जन्स बाजूला पडला असेल आणि मेनूतल्या जुळवणीने परत येत नसेल, रेघा धनुष्यासारख्या वाकल्या असतील, तर एसटीके नावाचे जाड आयसी बघावेत. हे आयसी तापतात आणि जातात. हा वेगळाच आजार आहे, धुक्याशी त्याचा संबंध नाही.

९. शोरूमची सेटिंग घरी ठेवू नका

हे टीव्ही दुकानातल्या झगझगाटात उठून दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस टोकाला लावून यायचे. कॉन्ट्रास्ट टोकाला असला की ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा ठिपका फुगतो आणि उजळ भाग पसरतो. कसोटी क्रिकेट बघा. हिरवळीवर पांढऱ्या कपड्यातला फलंदाज. त्याच्या कडा हिरवळीत सांडल्यासारख्या दिसत असतील, तर कॉन्ट्रास्ट निम्म्यावर आणा आणि पुन्हा बघा. शार्पनेस वाढवला की कडेला पांढरी कृत्रिम रेघ येते, तीही लोकांना धुकंच वाटते. शार्पनेस शून्याच्या जवळ आणला की चित्र आधी मऊ वाटतं, पण चार दिवसांनी डोळा निवतो. कॉन्ट्रास्ट कमी ठेवल्याने ट्यूबचं आयुष्यही वाढतं.

मात्र टोकाच्या कॉन्ट्रास्टवर वर्षानुवर्षं बातम्यांची पट्टी चाललेली असेल, तर त्या जागचा फॉस्फर झिजलेला असतो. तिथे कायमचा डाग राहतो. हे दुरुस्त होत नाही. ट्यूब बदलावी लागते, आणि जुन्या टीव्हीसाठी तो खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१०. पडदा आणि दमट हवा

पडदा दोन पदरी असतो. आतला फ्रेनेल, गोल बारीक खाचांचा. बाहेरचा उभ्या खाचांचा. बाहेरचा पुसायचा तर वरून खाली, खाचांच्या दिशेने. फ्रेनेल पुसायचाच नाही, हवेने झटकायचा. दोन पदर वेगळे केले तर आधी कोपऱ्यावर खूण करून ठेवावी, उलटे बसले तर चित्र बिघडतं.

न्यू जर्सीचा ऑगस्ट म्हणजे बेसमेंटमध्ये ओल. थंडगार तळघरात बाहेरची दमट हवा शिरली की भिंगावर आणि आरशावर बाष्प धरतं. टीव्ही लावल्यावर पहिला काही वेळ धुकं आणि मग आपोआप साफ, असं होत असेल तर टीव्हीला काही झालेलं नाही. डिह्युमिडिफायर लावा. हिवाळ्यात गॅरेजमधून घरात आणलेला टीव्ही एक दिवस तसाच ठेवा, मगच चालू करा.

११. दिवावाल्या टीव्हीचं वेगळं आहे

एलसीडी आणि डीएलपी रिअर-प्रोजेक्शनमध्ये ट्यूब आणि कूलंट नसतं, दिवा असतो. चित्र एकसारखं मंद झालं असेल तर आधी दिवा बदलावा, तो काही हजार तासांचाच सोबती असतो. एलसीडीमध्ये चित्रावर पिवळा किंवा निळा ढग एका जागी बसला असेल, तर आतल्या ऑप्टिकल ब्लॉकमधल्या पट्ट्या उष्णतेने जळालेल्या असतात. पुसून तो जात नाही. डीएलपीमध्ये पांढरे ठिपके वाढत चालले असतील तर बारीक आरशांची चिप जात आहे. हवेची गाळणी मात्र दोन्हीत स्वच्छ ठेवावी, ती बुजली की उष्णता वाढते आणि हे सगळे आजार लवकर येतात.

१२. निरोप द्यायचा असेल तर

भिंग पुसलं, कूलंट बघितलं, तरी काही वेळा टीव्ही ठेवण्यात अर्थ नसतो. मग तो रस्त्याच्या कडेला ठेवू नका. न्यू जर्सीत १ जानेवारी २०११ पासून टीव्ही घरच्या कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि आत विषारी द्रव. आपल्या गावाचं किंवा काउंटीचं इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचं केंद्र कुठे आहे आणि ते तीन ट्यूबचा मोठा टीव्ही घेतात का, हे आधी फोन करून विचारा. नेताना टीव्ही उभाच ठेवा, आडवा करू नका, कूलंट झिरपतं. ट्यूब सुट्या करून द्रव सिंकमध्ये ओतायचा विचारही करू नका. आणि तुमच्या टीव्हीची भिंगं, आरसा चांगल्या स्थितीत असतील, तर टाकण्याआधी आसपास कुणी असे टीव्ही जपणारा आहे का ते विचारून बघा. हे सुटे भाग आता कारखान्यात बनत नाहीत.